मराठी अक्षरांचा निऑन बोर्ड: कात्री हातात घेण्याआधीची आणि नंतरची सगळी कामं

गणपतीच्या आधी महिनाभर मला एकाच तऱ्हेचे फोटो येत राहतात. अक्रिलिकवर अर्धा पेटलेला, अर्धा काळा बोर्ड, आणि खाली प्रश्न: ‘स्ट्रिप खराब निघाली का?’ स्ट्रिप बहुधा ठणठणीत असते. चूक चार दिवस आधी झालेली असते, रोल घरी आणून थेट कात्री चालवली तेव्हा. देवनागरीत ही चूक आणखी महाग पडते, कारण शिरोरेघ, काना, वेलांटी, अनुस्वार या सगळ्यांना वेगळा तुकडा आणि वेगळी वीज लागते.

इथे ‘निऑन’ म्हणजे एलईडी निऑन फ्लेक्स, सिलिकॉनच्या नळीत बसवलेली १२ व्होल्टची पट्टी. काचेच्या नळीत वायू भरलेला खरा निऑन ही वेगळी विद्या आहे. त्याला काही हजार व्होल्ट लागतात आणि निळ्या रंगाच्या नळ्यांमध्ये पारा असतो. तो प्रयोग घरी करू नका.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच शब्द घेतो: ‘वडापाव’. वर मात्रा नाही, अनुस्वार नाही, जोडाक्षर नाही. पहिल्या बोर्डाला यापेक्षा सोयीचा शब्द मुंबईत शोधून सापडणार नाही.

१. रोल आधी, चित्र नंतर

लोक आधी डिझाइन करतात आणि मग रोल आणतात. उलट करा. मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला फ्लेक्सचा रोल घेताना दुकानदाराला चार गोष्टी विचारा: व्होल्ट किती, मीटरला वॉट किती, रुंदी किती, आणि किती अंतरावर कापता येतो.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फ्लेक्स हवा तिथे कापता येत नाही. आत एलईडी ठरावीक गटांनी जोडलेले असतात आणि दोन गटांच्या मध्येच कापायची खूण असते. १२ व्होल्टच्या पट्टीत ती बऱ्याचदा २.५ सेंटिमीटरवर येते, काहींत १ सेंटिमीटरवर, तर २४ व्होल्टच्या पट्टीत बहुतेक वेळा ५ सेंटिमीटरवर. खुणेच्या मध्येच कापलंत तर तो अख्खा गट मेला. म्हणजे कापायचं माप हे तुमच्या चित्राचं एकक आहे. ते माहीत नसताना काढलेलं चित्र टाकून द्यावं लागतं.

अक्षरं २० सेंटिमीटर उंचीची असतील तर ६ मिलिमीटर रुंदीचा फ्लेक्स घ्या. १२ मिलिमीटरचा ठळक दिसतो, पण ‘ड’च्या पोटात वळत नाही.

तपासणी: दुकानातच रोल लावून बघा, पण काही सेकंदच. गुंडाळलेला रोल जास्त वेळ पेटता ठेवला की मधले वेढे तापतात. घरी आल्यावर ‘जरा बघू’ म्हणून रोल तासभर लावून ठेवणारे मी पाहिले आहेत.

२. अक्षर कागदावर उतरवा

फॉन्ट जसाच्या तसा चालत नाही. फॉन्टच्या अक्षराला जाडी असते, फ्लेक्सला फक्त रेघ. मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेल्या मुक्तासारखा सरळ, मोकळा फॉन्ट खऱ्या मापात छापा, कागद जोडा आणि जाड अक्षराच्या मधोमध पेन्सिलने एकच रेघ ओढा. ही मधली रेघ म्हणजे तुमचा फ्लेक्स. बोरूने लिहिल्यासारखी जाड-बारीक वळणं इथे विसरा.

आता देवनागरीच्या खास अडचणी. चुका होतात त्या इथेच.

शिरोरेघ अखंड ठेवा. ती प्रत्येक अक्षरावर तोडली तर टोकाटोकांना काळे ठिपके दिसतात. फ्लेक्सच्या टोकाला टोपी बसते आणि ती दोन-तीन मिलिमीटर प्रकाश खाते. अख्ख्या शब्दावर एकच लांब तुकडा घ्या आणि बाकी सगळं त्याच्या खाली टेकवा.

फ्लेक्सला फाटा फुटत नाही. ‘व’ची गाठ दंडाला चिकटते, पण ती दंडातून निघू शकत नाही. दंड वेगळा तुकडा, गाठ वेगळा तुकडा, दोन्ही नुसते शेजारी टेकलेले. तसंच दोन रेघा एकमेकींवरून जाऊ शकत नाहीत. वेलांटी शिरोरेघेवरून वर जाताना दिसत असली तरी खालचा दंड आणि वरची कमान असे दोन तुकडे करावे लागतात.

वळण अंगठ्यावर मोजा. ६ मिलिमीटरचा फ्लेक्स साधारण दोन सेंटिमीटर त्रिज्येपर्यंत सुखाने वळतो (नक्की आकडा पाकिटावर बघा). त्याहून घट्ट वळवला तर आज पेटतो आणि पंधरा दिवसांनी आतली तांब्याची पट्टी तडकून बंद पडतो. टोकदार कोपरा हवाच असेल तर तिथे कापा, मागून तारेने जोडा.

फ्लेक्स एकाच दिशेने वळतो. बहुतेक फ्लेक्स डावी-उजवीकडे वळतात, प्रकाशाच्या दिशेने मागे-पुढे वळवले की तुटतात. विकत घेतानाच हातात धरून बघा.

आणि अनुस्वार. सर्वात लहान तुकडा २.५ सेंटिमीटरचा, म्हणजे टिंब होतच नाही, आडवी काडी होते. गोल कडी करायला जावं तर दोन सेंटिमीटर त्रिज्येची कडी अनुस्वाराऐवजी अंगठीसारखी दिसते. मी टिंबासाठी १२ व्होल्टचं एक एलईडी मॉड्यूल वापरतो, दुकानांच्या पाट्यांच्या आत लावतात तसलं, आणि त्यावर दुधी अक्रिलिकची लहान चकती. त्यालाही स्वतःचं भोक आणि स्वतःच्या दोन तारा लागतात. हे मी एकदा विसरलो होतो. दादरच्या एका दुकानाचा ‘आनंद’ सगळा चिकटवून झाल्यावर लक्षात आलं की टिंबाला भोकच पाडलेलं नाही. तो बोर्ड उद्‌घाटनाच्या दिवशी ‘आनद’ म्हणून पेटला. मालक हसले. त्यांच्या आई हसल्या नाहीत.

तपासणी: कागद भिंतीला चिकटवा, आठ-दहा पावलं मागे जा आणि घरातल्या कुणालाही वाचायला सांगा. ‘भ’चा ‘म’ वाचला, ‘घ’चा ‘ध’ वाचला, तर ती गाठ अजून मोकळी करा. पेटल्यावर प्रकाश पसरतो आणि जवळच्या रेघा आणखीच मिसळतात.

३. तुकडे मोजा, नंबर घाला

कागदावर सुतळी रेघेवरून फिरवा, मग सुतळी सरळ करून मोजा. ‘वडापाव’ २० सेंटिमीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर रुंद धरला तर हिशेब असा येतो:

शिरोरेघ ७५ सेंटिमीटर, एक तुकडा. उभे दंड पाच (दोन ‘व’चे दोन, ‘प’चा एक, आणि दोन काने), प्रत्येकी २० म्हणजे १००. ‘व’च्या दोन गाठी, प्रत्येकी २५ म्हणजे ५०. ‘ड’ ३५. ‘प’चं पोट ३०. एकूण २९० सेंटिमीटर, दहा तुकडे.

सगळी मापं २.५ च्या पटीत आहेत, हे मी मुद्दाम जुळवलं आहे. सुतळीने ‘ड’ ३६ आला असेल तर चित्रातलं ‘ड’चं शेपूट एका सेंटिमीटरने आखडा. चित्र बदलणं फुकट आहे. ३६ चा तुकडा फ्लेक्समध्ये मिळतच नाही.

प्रत्येक तुकड्याला नंबर द्या आणि वीज कोणत्या टोकातून आत येणार तिथे लाल गोल करा. दहा तुकडे, दहा भोकं, वीस तारा. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात मोठा लिहून ठेवा, पुढे मोजायला लागतो.

४. विजेचा हिशेब

समजा फ्लेक्स मीटरला १० वॉट खातो. २.९ मीटरचे २९ वॉट, कापाकापीसाठी थोडं जास्त धरून ३२. एसएमपीएस (घरच्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा डबा) कधीच पूर्ण क्षमतेवर चालवू नका, ८० टक्क्यांपर्यंतच ठेवा. ३२ भागिले ०.८, म्हणजे ४० वॉट. बाजारात १२ व्होल्ट ५ अँपिअरचा, म्हणजे ६० वॉटचा सहज मिळतो, तो घ्या. अगदी काठावरचा घेतला तर मे महिन्यात बंद खोक्यात तो तापून बंद-चालू करत बसतो.

तारेकडे कोणी बघत नाही. १२ व्होल्टवर ३२ वॉट म्हणजे जवळजवळ २.७ अँपिअर. बोर्डापासून एसएमपीएस पाच मीटर लांब असेल आणि मध्ये स्पीकरची बारीक तार ओढली असेल, तर जाता-येता दहा मीटर तारेत दोन व्होल्टहून जास्त गळतात आणि अक्षरं पिवळट, मलूल दिसतात. तिथेच ०.७५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर गळती अर्धा-पाऊण व्होल्टवर येते.

इशारा: १२ व्होल्टचा फ्लेक्स एका टोकातून पाच मीटरपेक्षा लांब सलग चालवू नका. शेवट मंद पडतो. मोठ्या बोर्डाला दोन्ही टोकांनी वीज द्या.

५. शीट आणि भोकं

पाच मिलिमीटरची पारदर्शक अक्रिलिक शीट, अक्षरांच्या चारी बाजूंना निदान पाच सेंटिमीटर जास्त. कापून देणाऱ्याकडे राऊटर (खाच कोरायचं मशीन) असेल तर तुमच्या मधल्या रेघेवर ६ मिलिमीटर रुंद, दोन-अडीच मिलिमीटर खोल खाच मारून घ्या. पुढचं निम्मं काम सोपं होतं. पण आधी फ्लेक्सचा एक तुकडा त्याच्या हातात द्या आणि टाकाऊ शीटवर खाच मारून बसवून बघायला लावा. सहाचा म्हणून विकलेला फ्लेक्स साडेसहाचा निघाला, तर सगळी शीट वाया.

खाच नसेल तर छापलेला कागद शीटच्या खालून चिकटवा, अक्षरं वरून सुलटी वाचता येतील असा. त्यावरच चिकटवत जायचं.

भोकं आता पाडायची, फ्लेक्स बसवण्याआधी. तारांची दहा, ३ मिलिमीटरची, लाल गोलांवर. टांगायची चार, कोपऱ्यांत, कडेपासून दोन सेंटिमीटर आत. भोकं पाडून होईपर्यंत शीटवरचा संरक्षक कागद काढू नका, खाली लाकडाची फळी ठेवा, ड्रिल हळू फिरवा आणि भोक आरपार होताना दाब सोडा. अक्रिलिक तडकतं ते त्याच क्षणी.

टांगायची भोकं स्क्रूपेक्षा दोन मिलिमीटर मोठी ठेवा. अक्रिलिक उन्हाने पसरतं: मीटरभर शीट २० अंशांच्या फरकात जवळजवळ दीड मिलिमीटर. स्क्रू घट्ट असेल तर ही वाढ भोकाच्या कडेला चीर पाडून बाहेर येते.

इशारा: शीट थिनर, स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका. कापलेल्या कडांना आणि भोकांना कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

६. कापा, सोल्डर करा, तिथेच तपासा

एक तुकडा कापा, त्याला तारा लावा, पेटवून बघा, नंबर चिकटवा. मग दुसरा. दहाच्या दहा एकदम कापून मग सोल्डरिंगला बसणाऱ्यांची सातव्या-आठव्या तुकड्याशी हमखास अदलाबदल होते.

कापताना धारदार ब्लेड, काटकोनात. टोकाचं चार-पाच मिलिमीटर सिलिकॉन अलगद सोला. खाली तांब्याचे दोन ठिपके दिसतात, अधिक आणि उणे. ठिपक्यावर थोडं सोल्डर, तारेच्या टोकावर थोडं सोल्डर, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंद उष्णता. जास्त वेळ धरलंत तर ठिपका पट्टीवरून उचलला जातो, आणि मग तो तुकडा एक खूण मागे कापण्याशिवाय इलाज नाही.

लाल तार अधिकला, काळी उणेला, दहाही तुकड्यांना एकाच पद्धतीने. घरात फक्त पिवळी-हिरवी तार आहे म्हणून तीच वापरू नका. शीटच्या मागे गेल्यावर सगळं उलटं दिसतं आणि आठवण दगा देते.

सोल्डर थंड झाल्यावर दोन्ही टोकं बंद करायची. टोप्या बसवा आणि आत सिलिकॉन भरा, पण न्यूट्रल क्युअर लिहिलेलं. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं हिरवं करतं. मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत त्याला दोन महिनेही लागत नाहीत. बाकी सिलिकॉनला सुकायला हवेतला ओलावाच लागतो, त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यातही हे काम अडत नाही. चोवीस तास तेवढे द्या.

तपासणी: प्रत्येक तुकडा पेटवून तार हलवा. लुकलुकला तर सोल्डर पुन्हा.

७. फ्लेक्स बसवणं

शिरोरेघ सर्वात आधी. ती सरळ बसली की बाकीचं तिच्या आधाराने येतं. दंड वरून खाली बसवा, गाठी आणि पोटं शेवटी. आधी सगळे तुकडे कोरडेच ठेवून बघा, तारा भोकांतून मागे ओढून. एखादा दोन मिलिमीटर लांब वाटतोय का, हे आत्ताच कळतं.

सिलिकॉनच्या अंगाला सुपरग्लू नीट धरत नाही, शिवाय त्याची वाफ शीटवर पांढरा धुरकट डाग सोडते. सिलिकॉनचाच गोंद खाचेत बारीक ओढा, फ्लेक्स दाबा, वळणांवर कागदी टेप लावून रात्रभर ठेवा. वळण ओढून ताणून बसवू नका. सकाळपर्यंत तो सरळ व्हायला बघतोच.

८. मागची जोडणी

शीट पालथी घाला. आता ‘वडापाव’ उलटा दिसतोय, पण नंबर चिकटवलेले आहेत आणि रंग ठरलेले आहेत, म्हणून घाबरायचं कारण नाही.

सगळ्या लाल तारा एका जाड लाल तारेला, सगळ्या काळ्या एका जाड काळ्या तारेला. एकाच्या शेपटाला दुसरा असं ओवत जाणं टाळा, एक सांधा सुटला की पुढचा अर्धा शब्द जातो. सांध्यांवर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी), नुसती इन्सुलेशन टेप नको. उकाड्यात टेपचा गोंद वितळून चिकट लगदा होतो.

तारा अक्षरांच्याच मागून न्या, म्हणजे पारदर्शक शीटमधून समोरून दिसत नाहीत. याला वेळ लागतो. द्या. समोरून बघणारा माणूस सोल्डर बघत नाही, लोंबणाऱ्या तारा बघतो.

तपासणी: वीस तारा मोजा. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तारा जोडलेल्या असल्या की वाजतो त्या खुणेवर) ठेवून मुख्य लाल आणि काळीच्या मध्ये टेकवा. ‘बीप’ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे; एसएमपीएस जोडायचा नाही.

९. एसएमपीएस आणि २३० व्होल्ट

बारा व्होल्टची चूक बोर्ड बिघडवते, २३० व्होल्टची चूक माणूस. मेन्सची जोडणी येत नसेल तर हा टप्पा वायरमनकडून करून घ्या.

जाळीच्या पत्र्याच्या एसएमपीएसला फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग असे तीन स्क्रू मेन्सचे, आणि अधिक-उणेचे वेगळे. अर्थिंग सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे. पत्र्याच्या अंगाच्या एसएमपीएसला ही सवय चालणार नाही. स्क्रूंवर बोट लागू शकतं, म्हणून तो झाकणाच्या पेटीतच हवा, आणि पेटीला हवा खेळायला जागा हवी. काही एसएमपीएसच्या अंगावर ११५/२३० चा खटका असतो, तो २३० वर आहे ना बघा. फ्लेक्स जोडण्याआधी मल्टिमीटरने १२ व्होल्ट येतात याची खात्री करा.

प्रकाश कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. हे मी दर वर्षी निदान एकदा पाहतो. एसएमपीएस गुणगुणतो, बोर्ड फडफडतो आणि काही दिवसांत एसएमपीएस जातो. १२ व्होल्टचा एलईडी डिमर एसएमपीएस आणि बोर्डाच्या मध्ये बसतो.

मंडपात लावणार असाल तर ज्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे त्याच लाइनवर लावा. ओली माती, पत्रा आणि पोरांची गर्दी असते तिथे.

१०. टांगणं, आणि पाऊस

आत लावायचा बोर्ड स्पेसरवर (शीट आणि भिंतीच्या मध्ये बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर) भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे ठेवा. मागच्या भिंतीवर प्रकाश सांडला की अक्षर उठून दिसतं.

बाहेर लावायचा असेल तर फ्लेक्स निदान आयपी ६५चा (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारा) आणि एसएमपीएसची पेटीही तशीच. तार पेटीत वरून सरळ आणू नका. तिला पेटीच्या खाली झोळ द्या आणि तिथून वर चढवून खालच्या बाजूने आत घ्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली गळतं. समुद्राजवळ साधे स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात आणि शीटवर तांबडे ओघळ आणतात. स्टेनलेस घ्या, शक्यतो ३१६ ग्रेडचे.

दुकानाची पाटी असेल तर दोन गोष्टी आधीच बघा: उजेडाच्या पाटीला महापालिकेची परवानगी लागते, ती वॉर्ड ऑफिसच्या परवाना विभागात विचारा. आणि मराठी देवनागरी अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान चालत नाहीत. खाली इंग्रजी नाव घालायचा विचार असेल तर मापं दुसऱ्या टप्प्यातच ठरवा.

पेटला नाही तर कुठे बघायचं

एकच तुकडा पूर्ण काळा: त्याची लाल-काळी उलटी लागली आहे किंवा सोल्डर सुटलं आहे. फ्लेक्स उलटा जोडल्याने सहसा जळत नाही, सुलटा करा.

तुकड्याच्या टोकाचे एलईडी काळे: खुणेबाहेर कापलंय.

मध्येच एक गट काळा: वळण घट्ट झालंय. तो गट कापून त्या जागी त्याच मापाचा नवा तुकडा बसवा. राहिलेला रोल म्हणूनच फेकायचा नसतो, दुसऱ्या लॉटचा पांढरा रंग जुळत नाही.

सगळंच मंद: तार बारीक किंवा लांब. बोर्डाच्या टोकाशी व्होल्ट मोजा.

सगळंच बंद-चालू: एसएमपीएस तापतोय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. तुकड्यांच्या लाल तारा एकेक करून सोडवत जा. ज्या तारेशी बोर्ड शांत झाला, तो तुकडा गुन्हेगार. तोपर्यंत शीट टेबलावरच राहू द्या, भिंतीवर चढवून स्टुलावर उभं राहून हे करू नका.